एका बैठकीत दोन स्टील गिटार : लॅप स्टील आणि पेडल स्टील यांची एकत्र मांडणी

तारा बोटांनी पडद्यांवर न दाबता त्यांवरून पोलादी बार सरकवून वाजवल्या जाणाऱ्या गिटारीला स्टील गिटार म्हणतात, आणि तिची दोन रूपे आज प्रचारात आहेत. मांडीवर किंवा स्टँडवर आडवी ठेवून वाजवली जाणारी लॅप स्टील ही त्यांतील जुनी होय. महाराष्ट्रात ती हवाईयन गिटार या नावाने परिचित आहे आणि मुंबईच्या चित्रपटसंगीतात व्हॅन शिप्ले व हजारा सिंग यांच्या वादनातून ती घराघरांत ऐकली गेली. दुसरे रूप पेडल स्टीलचे. पायांवर उभ्या असलेल्या या वाद्याच्या खालच्या बाजूस पेडल व गुडघ्याने ढकलायचे लिव्हर असतात आणि ते दाबले असता ठरावीक तारा ठरावीक अंतराने चढतात किंवा उतरतात. ही दोन्ही वाद्ये एकाच वादकाने एकाच बैठकीत वाजवावीत असा विचार अनेकांच्या मनात येतो, आणि तो योग्यही आहे. मात्र एकीला जे साधत नाही ते दुसरीकडून घ्यायचे, हे आधी ठरवले नसेल तर एवढ्या खटाटोपातून वजन आणि गोंधळ यांखेरीज काही हाती लागत नाही.

या दोहोंतील भेद त्यांच्या इतिहासात स्पष्ट दिसतो. तारांवरून पोलाद सरकवण्याची रीत हवाई बेटांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली आणि तिचे श्रेय सामान्यतः जोसेफ केकुकू यांना दिले जाते. १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत रिकनबॅकर कंपनीची ‘फ्राइंग पॅन’ या टोपणनावाने प्रसिद्ध झालेली विद्युत लॅप स्टील बाजारात आली. लॅप स्टीलवर बार सरळ धरला तर सर्व तारा एकत्रच वर किंवा खाली जातात, त्यामुळे मोकळ्या तारांत जो स्वरसंघात, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा जो समूह, बांधलेला असतो तोच प्रत्येक पडद्यावर उमटतो. वेगळा संघात हवा असल्यास बार तिरका धरावा लागतो किंवा नेमक्या दोन-तीन ताराच निवडून छेडाव्या लागतात. ही मर्यादा ओलांडण्यासाठी पेडलांचे प्रयोग सुरू झाले. वेब पिअर्स यांच्या १९५४ साली गाजलेल्या ‘स्लोली’ या गीतात बड आयझॅक्स यांनी तार वाजत असतानाच पेडल दाबले, संघाताच्या आतला स्वर श्रोत्यांच्या कानांदेखत हलला, आणि अमेरिकेतील कंट्री संगीताचा नाद तेथून पालटला. पुढे बडी एमन्स यांनी त्या एका पेडलचे काम दोन पेडलांत विभागले आणि आजच्या मांडणीचा पाया घातला गेला. दुसरीकडे जेरी बर्ड यांच्यासारख्या श्रेष्ठ वादकाने पेडलांकडे न वळता आयुष्यभर केवळ बारच्या बळावर वादन केले, ही गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे. कारण लॅप स्टील हे पेडल स्टीलचे अपुरे रूप नव्हे हे त्यातून सिद्ध होते.

पेडल स्टीलच्या सर्वाधिक प्रचलित स्वरजुळणीला ‘ई नाइन्थ’ म्हणतात आणि भारतीय वाचकाला ती सरगमीत सर्वांत सुलभपणे समजते. दहा तारांपैकी ‘ई’ हा स्वर षड्ज मानला, तर वादकापासून सर्वांत दूरच्या पहिल्या तारेपासून क्रमाने रे, नी, ग, सा, प, ग, रे, सा, कोमल नी आणि प असे स्वर येतात. पहिल्या दोन तारा तिसरीपेक्षा खालच्या असतात, म्हणजे तारांचा क्रम उंचीनुसार नसतो, हे नवशिक्याने आरंभीच ध्यानात घ्यावे. एमन्स पद्धतीत डावीकडील पहिले पेडल दोन्ही पंचमांना शुद्ध धैवतावर नेते, दुसरे पेडल दोन्ही गांधारांना मध्यमावर चढवते, तर तिसरे पेडल चौथ्या तारेवरील षड्जाला ऋषभावर व पाचव्या तारेवरील पंचमाला धैवतावर नेते. गुडघ्याच्या एका लिव्हरने षड्ज कोमल ऋषभावर चढतो आणि दुसऱ्याने तो शुद्ध निषादावर उतरतो. पहिली दोन पेडले एकत्र दाबली की सा-ग-प हा संघात त्याच पडद्यावर म-ध-सा होतो. म्हणजे बार तसूभरही न हलवता षड्जाच्या संघातातून मध्यमाच्या संघातात जाता येते. स्थिर राहणाऱ्या षड्जाभोवती इतर स्वरांची ही हालचाल पेडल स्टीलचे खरे वैभव आहे, आणि लॅप स्टीलकडून तिची अपेक्षा धरू नये.

लॅप स्टीलचे बळ वेगळ्या ठिकाणी आहे. तिच्यात तारा ओढणारी यंत्रणा नसल्याने तार आणि खोड यांच्यामध्ये सांधे व स्प्रिंगा येत नाहीत आणि नाद अधिक सरळ, कधी अधिक खरखरीत उमटतो. एकाच तारेवर गाण्याप्रमाणे चालणारी सुरावट, लांब मींड आणि विकृत, म्हणजे मुद्दाम फाडलेला ओव्हरड्राइव्हचा आवाज या तिन्ही गोष्टी तिच्यावर विशेष खुलतात. जॅक्सन ब्राऊन यांच्या १९७७ सालच्या ‘रनिंग ऑन एम्प्टी’ या ध्वनिमुद्रिकेतील डेव्हिड लिंडली यांचे लॅप स्टील ऐकले की हा मुद्दा वेगळा समजावावा लागत नाही. त्यामुळे जोडीला ठेवायच्या लॅप स्टीलची स्वरजुळणी पेडल स्टीलची नक्कल करणारी नसावी. जुन्या हवाईयन व स्विंग ढंगासाठी सहा तारांची ‘सी सिक्स्थ’ जुळणी, म्हणजे ‘सी’ला षड्ज धरून सा, ग, प, ध, सा, ग ही चढती मांडणी घ्यावी, ब्लूज, रॉक आणि भक्तिसंगीताच्या अंगाने जायचे असल्यास ‘ओपन डी’ ही जुळणी घ्यावी, जिच्यात मोकळ्या तारांवर सा, प, सा, ग, प, सा असे स्वर येतात. प्रत्येक जुळणीसाठी तारांचा संच वेगळ्या जाडीचा असतो आणि एका जुळणीचा संच दुसरीवर चढवल्यास काही तारा सैल लोळतात तर काही तुटण्याच्या बेतात ताणल्या जातात, म्हणून जुळणी ठरवूनच तारा विकत घ्याव्यात.

दोन वाद्यांवर एकच पट्टी कोणत्या पडद्यावर सापडते, हा वादकाला पहिल्या दिवसापासून पडणारा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर एका साध्या हिशेबात सामावते. लॅप स्टील ‘सी सिक्स्थ’मध्ये असताना तिच्यावरील मुख्य संघाताच्या पडद्यातून ४ वजा केले की पेडल स्टीलवरील पेडलरहित जागा मिळते, त्यात ३ मिळवले की पहिली दोन पेडले दाबून वाजवायची जागा मिळते, आणि १ वजा केला की पहिले पेडल व षड्ज चढवणारा लिव्हर यांची जागा मिळते. ‘जी’ पट्टीत लॅपवर सातवा पडदा येतो, म्हणून पेडल स्टीलवर तिसरा, दहावा आणि सहावा या तीन जागा त्याच संघाताच्या ठरतात. ‘सी’ पट्टीत लॅपचा बारावा पडदा धरून आठवा व अकरावा, आणि मोकळ्या तारा धरून तिसरा. ‘ओपन डी’ घेतल्यास हिशेब अधिकच सोपा होतो, कारण लॅपचा पडदा पेडलरहित जागेपेक्षा नेहमी २ ने पुढे असतो. हा हिशेब कागदावर न ठेवता प्रत्येक पट्टीत हाताने गिरवावा, कारण मंचावर आकडेमोडीला वेळ नसतो.

प्रत्यक्ष मांडणी पेडल स्टीलच्या खोडावर अवलंबून असते. एका मानेचे परंतु दोन मानांच्या रुंदीचे खोड ज्या वाद्याला असते, त्यात वादकाच्या बाजूस हात टेकण्यासाठी गादी बसवलेली असते, आणि लॅप स्टील ठेवण्यासाठी याहून उत्तम जागा नाही. अरुंद, एकमानी खोडावर अशी जागा मिळत नाही. तेथे लॅप स्टीलसाठी स्वतंत्र स्टँड घेऊन तो उजव्या किंवा डाव्या अंगाला काटकोनात ठेवावा आणि फिरती बैठक वापरावी. दोन मानांच्या वाद्यात आतल्या मानेवर बहुधा पेडलयुक्त ‘सी सिक्स्थ’ असतेच, त्यामुळे तेथे त्याच जुळणीची लॅप स्टील जोडण्याचे कारण केवळ नादाचे वेगळेपण एवढेच उरते, आणि अशा वादकाने ‘ओपन डी’कडेच जावे. काही जण आतल्या मानेवर फळी टाकून तीवर लॅप स्टील ठेवतात. त्याने खालच्या तारा, पिकअप व पडद्यांची पट्टी यांना इजा होण्याचा धोका असल्याने ती वाट टाळलेली बरी.

गादीवर लॅप स्टील ठेवताना एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. पेडल स्टीलच्या तारेची कंपनलांबी, म्हणजे तारेच्या दोन आधारांमधील अंतर, साधारण २४ इंच असते, तर पुष्कळशा लॅप स्टीलची २२.५ इंच असते. त्यामुळे दोहोंचे पडदे समोरासमोर येऊ शकत नाहीत. स्टील गिटारीवर पडदे म्हणजे केवळ आखलेल्या रेषा असतात आणि सूर बारच्या अचूक जागेवर ठरतो, म्हणून हा फरक केवळ दिसण्यापुरता राहत नाही. डोक्याकडचे नट, म्हणजे तारांचे पहिले आधार, एका रेषेत ठेवले तर सातव्या पडद्याशी सुमारे १.३ सेंटिमीटर आणि बाराव्या पडद्याशी १.९ सेंटिमीटर अंतर पडते, आणि शेजारच्या मानेवरून नजर तिरकी गेल्यास बार चुकीच्या जागी थांबतो. दोन्ही वाद्यांचे सातवे पडदे एका रेषेत आणले तर तिसऱ्यापासून बाराव्या पडद्यापर्यंत हा फरक कोठेही ०.७ सेंटिमीटरच्या पुढे जात नाही, आणि बहुतेक वादन याच टापूत होत असल्याने हीच मांडणी स्वीकारावी. नवी लॅप स्टील विकत घ्यायची असेल तर २४ इंचांच्या जवळपासची लांबी शोधणे हा याहून मुळातला उपाय आहे.

उंचीचा प्रश्न याहूनही नाजूक आहे. पेडल स्टीलची मान वादकापासून दूरच्या बाजूला असल्याने तिच्यावर वाजवताना दोन्ही हात लॅप स्टीलवरून पलीकडे जातात. लॅपच्या तारा उंच असतील तर मनगटे व बाह्या त्यांना घासतात, नको ते आवाज येतात आणि हात अवघडतो. फेंडर कंपनीने पेडल नसलेल्या ‘स्ट्रिंगमास्टर’ या अनेकमानी वाद्यात माना पायऱ्यांप्रमाणे चढत्या ठेवल्या होत्या, आणि दूरची मान उंच व जवळची खाली हे तत्त्व येथेही पाळावे. यासाठी पातळ खोडाची लॅप स्टील निवडावी, शक्य असल्यास गादी काढून तिच्या जागी रबराचे जाळीदार घसरप्रतिबंधक कापड अंथरावे आणि वाद्य वेल्क्रोच्या पट्ट्यांनी बांधावे. मूळ खोडात स्क्रू मारण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. पट्ट्या खोडाखालून नेताना त्या तारा ओढणाऱ्या सळ्या व आडव्या दांड्यांना स्पर्श करणार नाहीत अशा जागेतूनच न्याव्यात, आणि बांधून झाल्यावर प्रत्येक पेडल व प्रत्येक लिव्हर पूर्ण दाबून, सोडून, तारा मूळ सुरावर परत येतात की नाही हे ट्यूनरवर तपासावे. वापरात नसलेल्या लॅपच्या तारांवर जाड मऊ कापडाची घडी टाकून ठेवावी. शेजारच्या नादाने त्या आपोआप गुणगुणू लागतात, ते त्याने थांबते.

बार आणि नख्या यांच्याबाबत मतभेद आहेत, तरी दोन्ही वाद्यांसाठी एकच बार वापरणे हिताचे ठरते. पेडल स्टीलचा गोळीच्या आकाराचा गोल बार साधारण ७/८ इंच व्यासाचा असतो आणि त्याचे वजन लॅपच्या सुरालाही भरदार करते. मात्र ज्याला तिरक्या बारची व तार झटक्यात सोडण्याची जुनी हवाईयन ढब जोपासायची आहे त्याने लॅपसाठी लहान किंवा कडेला खाच असलेला बार वेगळा ठेवावा. अंगठ्याची एक व बोटांच्या दोन नख्या दोन्हीकडे त्याच चालतात.

सूर लावण्याचा भाग भारतीय वादकाला परका वाटणार नाही. पेडल स्टीलचे वादक गांधार हार्मोनियमच्या समविभागी गांधारावर न ठेवता तानपुऱ्यात ऐकू येणाऱ्या स्वयंभू गांधाराकडे, म्हणजे सुमारे १४ सेंट खाली, उतरवून लावतात (अर्धस्वराचे शंभर समान भाग केले असता त्यातील एका भागाला सेंट म्हणतात), आणि धैवतही सुमारे १६ सेंट उतरवतात. अन्यथा स्थिर संघातात कंप ऐकू येतो. लॅप स्टील मात्र ट्यूनरच्या काट्यावर नेमकी लावली, तर एका वाद्यावरून दुसऱ्यावर जाताना श्रोत्याला गांधार अचानक चढल्यासारखा वाटतो. म्हणून लॅपवरील ग आणि ध त्याच मापाने उतरवावेत, आणि कीबोर्ड साथीला असल्यास दोन्ही वाद्यांवर ही उतरण सारखीच कमी करावी. पेडल स्टीलच्या ऋषभाच्या तारांची अडचण येथे सांगण्यासारखी आहे : पंचमाच्या संघातात त्यांना जो सूर हवा असतो तो पेडल दाबून मिळणाऱ्या धैवताशी जुळत नाही, आणि हा फरक सुमारे २२ सेंटचा असतो. आपल्या शास्त्रातील चतुःश्रुती व त्रिश्रुती ऋषभांमधील अंतर हेच होय. त्यामुळे मधली जागा स्वीकारण्यावाचून पेडल स्टील वादकाला पर्याय नाही.

विद्युतजोडणीत सर्वाधिक चुका होतात. दोन्ही वाद्यांच्या वायरी साध्या वाय-जोडाने एकत्र केल्यास दोन्ही पिकअप एकमेकांवर भार टाकतात आणि आवाज बारीक व निस्तेज होतो. म्हणून एका वेळी एकच वाद्य पुढे पाठवणारा पायाने दाबायचा निवड-स्विच वापरावा, ज्याने वापरात नसलेल्या वाद्याचा आवाजही पूर्ण बंद होतो. ओव्हरड्राइव्हचा डबा लॅपच्या शाखेत, स्विचच्या आधी ठेवावा. स्विचनंतर व्हॉल्यूम पेडल, त्यापुढे प्रतिध्वनीचा डबा आणि शेवटी अँप्लिफायर असा क्रम ठेवल्यास व्हॉल्यूम पेडलने लॅपचा आवाज कमी करताना त्याचा पोत बिघडत नाही. पेडल स्टीलचे पिकअप बहुधा अधिक वेटोळ्यांचे व जोरकस असते, तेव्हा दोहोंची पातळी आधी समान करून घ्यावी, आणि त्यासाठी लॅपच्या बाजूस आवाज वाढवणारा लहान डबा लागला तर तो खर्च सार्थकी लागतो. पेडल स्टीलसाठी ८०० हर्ट्झच्या आसपासचे मध्यम स्वर कमी करण्याची रीत आहे, तर लॅपला तेच हवे असतात. एकाच अँप्लिफायरवर दोन्ही वाजवायचे तर मध्यम स्वर पेडल स्टीलला अनुकूल ठेवून लॅपची भरपाई तिच्या शाखेतील डब्यातून करावी. अमेरिकेत विकत घेतलेला १२० व्होल्टचा अँप्लिफायर भारतात २३० व्होल्टवर थेट जोडू नये. पुरेशा क्षमतेचा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर मध्ये असलाच पाहिजे.

पायांची शिस्त हा शेवटचा आणि सवयीने सुटणारा भाग आहे. उजवा पाय व्हॉल्यूम पेडलवर आणि डावा पाय पेडलांवर असतो. लॅपकडे वळताच डावा पाय पेडलांवरून काढून जमिनीवर ठेवावा, कारण हात लॅपवर असतानाही पेडल दाबण्याची सवय उसळून येते आणि जो स्वर हलणारच नाही त्याच्यासाठी बार तिष्ठत राहतो. उजव्या पायाचेही वर्तन बदलावे लागते. पेडल स्टीलवर तार छेडल्यावर नाद विरत जातो तसे व्हॉल्यूम पेडल हळूहळू पुढे ढकलले जाते, तर ओव्हरड्राइव्हमधील लॅपचा नाद आधीच लांबलेला असल्याने तेथे पाय जवळजवळ स्थिर ठेवणे इष्ट. एका गाण्यात वाद्य एकदाच बदलावे, तेही कडव्यांमधल्या मोकळ्या जागेत. गायकाच्या मागे पेडल स्टील आणि मधल्या वाद्यखंडासाठी लॅप ही वाटणी बहुतेक गाण्यांना मानवते.

पेडल स्टील भारतात सहजी मिळत नाही आणि परदेशातून मागवणे खर्चाचे असते, त्यामुळे केवळ लॅप स्टील जवळ असलेल्या वाचकाने आधी तळहाताने दाबायच्या लिव्हरांचा जोड लॅपवर बसवून पाहावा. ड्यूसेनबर्ग कंपनीचा मल्टिबेंडर हा अशा जोडांपैकी एक असून त्यात निवडलेल्या तारांचा चढ-उतार आपल्या गरजेप्रमाणे ठरवता येतो. एका लिव्हरवर ग-म आणि दुसऱ्यावर प-ध हे चढ बांधले की पेडल स्टीलच्या पहिल्या दोन पेडलांचे काम बऱ्याच अंशी हाताशी येते. या दोन चढांवर वर्षभर काम करूनही षड्ज हलवण्याची आणि दहा तारांची गरज भासत राहिली, तरच पेडल स्टीलसाठी पैसे बाजूला काढावेत, आणि खरेदी करताना अरुंद खोडाऐवजी गादी असलेले रुंद खोड मागावे, म्हणजे जुन्या लॅप स्टीलला तिच्यावर जागा राहील.